दिनविशेष, ३० सप्टेंबर : विजू खोटे

'शोले'तल्या (१९७५) कालियाच्या वाट्याला मोजकीच मिनिटं आली. पिस्तुलाचा नुसताच खटका वाजतो, जीव वाचला म्हणून तो गब्बरबरोबर हसू लागतो, आणि हसता हसताच गोळी लागते. सुटकेचा तो भाबडा आनंद विजू खोटे यांनी इतका खरा केला, की दरोडेखोराचीही दया यावी.

जन्म १७ डिसेंबर १९४१चा. वडील नंदू खोटे मूकपटांतले नट, बहीण शुभा खोटे, चुलती दुर्गा खोटे.

हिंदी-मराठी मिळून ३००हून अधिक चित्रपट. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), 'अंदाज अपना अपना'तला (१९९४) रॉबर्ट. दूरदर्शनच्या 'जबान संभालके'तही ते घरोघरी पोहोचले.

२०१९मध्ये आजच्याच दिवशी मुंबईत गावदेवीच्या राहत्या घरी, ७७व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.