चाप कुणाचा, गोळी कुणाला?

अमेरिकेत शेजारच्या घरात पिस्तूल असणं काही नवल नाही. म्हणून पिस्तूलवाल्यांची ही जुनी कुरकुर तुम्हीही ऐकाच. जॉन ब्राउनिंगचं .४५ पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलं. पण भरलेलं पिस्तूल नळीच्या टोकावर पडलं, तर आतली फायरिंग पिन झटक्याने पुढे सरकून बार उडू शकतो. म्हणून १९८३ मध्ये कोल्ट कंपनीने नवी पिढी आणली, 'सीरिज ८०'. तिच्यात चाप ओढेपर्यंत पिन अडवून धरणारा खटका होता. बरेच मालक वैतागले: चाप पूर्वीसारखा साफ राहिला नाही! पुढे कोल्टने बिनखटक्याची 'सीरिज ७०' पुन्हा विकायला काढलीच. बघा ना, चाप फक्त मालकाच्या बोटाला जाणवतो. पडलेल्या पिस्तुलाची गोळी मात्र कुणालाही लागू शकते.