अर्धवट जन्मलेला ऑब्जेक्ट

मागच्या व्याख्यानात आपण प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये 'टाइप' कशासाठी आले ते पाहिलं. टाइप म्हणजे हमी: या नावाखाली अमुकच प्रकारची वस्तू सापडेल. ही हमी सर्वांत कच्ची कधी असते? ऑब्जेक्ट तयार होत असतानाच. आज त्याचा इतिहास पाहू.

१९६५ साली टोनी होर अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी रेफरन्सची रचना करत होते. प्रत्येक रेफरन्स सुरक्षित असावा, हा हेतू. पण ज्याला अजून काही जोडलेलंच नाही, त्याच्यात ठेवायचं काय? त्यांनी 'नल' ठेवला, कारण ते सोपं होतं. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. इकडे ऑस्लोत डाल आणि नीगार्ड यांनी सिम्युला ६७ मध्ये क्लास आणले, तिथेही कोरा रेफरन्स होताच.

पुढे जावामध्ये काय झालं बघा. आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो. त्याने एखादी मेथड बोलावली आणि उपक्लासने ती बदललेली असेल, तर उपक्लासचीच चालते. पण त्याची फील्ड्स अजून भरलेली नसतात! जिथे स्ट्रिंग असेल अशी हमी होती, तिथे नल निघतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. कंपायलरने मात्र सगळं पास केलेलं असतं. सी प्लस प्लसने वेगळी वाट धरली: मूळ कन्स्ट्रक्टर संपेपर्यंत ऑब्जेक्ट मूळ क्लासचाच मानायचा.

दोष शोधताना खरी अडचण ही, की नल एका ठिकाणी राहून जातो आणि बोंब दुसऱ्याच ठिकाणी होते. म्हणून आपण कोसळलेल्या ओळीवर न थांबता स्टॅक ट्रेसमध्ये मागे जातो: हा ऑब्जेक्ट बनला कुठे, तेव्हा कोणतं फील्ड रिकामं राहिलं? जावा तर कित्येक वर्षं फक्त ओळीचा क्रमांक सांगे; एका ओळीत चार ठिंपके असले की अंदाजच बांधायचा. नेमकं काय नल होतं, हे ती २०२० पासून सांगू लागली.

२०१४ मध्ये आलेल्या स्विफ्टने प्रश्न मुळातच अडवला. क्लासची स्वतःची सगळी फील्ड्स भरल्याशिवाय ऑब्जेक्ट वापरू पाहिलात, तर कोड कंपाइलच होत नाही. म्हणजे जी चूक पूर्वी ग्राहकाच्या मशीनवर उघडी पडायची, ती आता लिहिणाऱ्याच्या टेबलावर पडते. टाइपच्या इतिहासात आपल्याला मोजायचं आहे ते हेच अंतर.