मॉडिफायर कळा (ऑनलाइन खेळांतील)

कळफलकावरील शिफ्ट, कंट्रोल व ऑल्ट या कळा. टंकलेखनात त्या एकट्या दाबून अक्षर उमटत नाही. दुसऱ्या कळेचा अर्थ तेवढा बदलतो. खेळांत मात्र त्यांना स्वतंत्र काम असते : शिफ्ट दाबून धावणे, कंट्रोल दाबून वाकणे. एकाच कळेवर दोन कामे पडल्याने बहुतेक बिघाड होतात.

मराठी कळफलकावर ते अधिक जाणवतात. सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी टायपिंगचा सराव, ऑनलाइन अर्ज आणि खेळ पुष्कळदा एकाच संगणकावर चालतात. अशा एकाहून अधिक भाषांच्या विंडोजमध्ये डावी ऑल्ट व शिफ्ट एकत्र दाबली की सहसा भाषा बदलते. ऐन धावपळीत बोटे दोन्हींवर पडतात, कळफलक मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीवर जातो आणि पात्र जागीच खिळते. हालचालीच्या डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे ऐकार, ओकार, एकार व हलन्त आहेत; खेळ मात्र इंग्रजी अक्षराची वाट पाहत राहतो.

ब्राउझर प्रत्येक कळेबाबत दोन गोष्टी कळवतो : उमटणारे अक्षर (की) आणि कळेची जागा (कोड). हालचाल जागेवरून ओळखावी, गप्पांचा मजकूर अक्षरावरून. अडकलेल्या कळेचा दोषही यानेच जातो. डब्ल्यू दाबताना ऐकार नोंदला जातो. मध्येच शिफ्ट दाबून मग डब्ल्यू सोडली तर 'ऐ' सुटल्याची नोंद होते. खेळाच्या लेखी ऐकार दाबलेलाच, म्हणून पात्र चालतच राहते. जागा दोन्ही वेळा एकच असते.

ऑल्ट-टॅबने खिडकी बदलल्यास कळ सोडल्याची वार्ता खेळापर्यंत पोचत नाही. खिडकीवरचे लक्ष हटताच सर्व कळा सुटल्या असे मानावे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज 'स्टिकी कीज'बद्दल विचारते. ही अपंगांसाठीची मोलाची सोय असल्याने ती बंद करायला सांगण्यापेक्षा धावण्याची कळ बदलू देणे योग्य.

कंट्रोल-डब्ल्यू सर्वांत घातक : वाकून पुढे सरकताना टॅबच बंद होतो. क्रोमने 2018 मध्ये (आवृत्ती 68) आणलेली कीबोर्ड लॉक सुविधा हे रोखते, पण केवळ पूर्ण पडद्यावर. फायरफॉक्स व सफारीत तिचा भरवसा धरता येत नाही, तेव्हा ब्राउझरमधील खेळात कंट्रोलवर मूळ क्रिया ठेवूच नये. खेळ बनवणाऱ्यांनी तो लोकांपुढे आणण्यापूर्वी मराठी इन्स्क्रिप्ट चालू ठेवून एक डाव अवश्य खेळून पाहावा.