वऱ्हाडातील परगण्याचा कारभार

यवतमाळ या नावातला ‘माळ’ हा गुरे चारण्याचा माळ नव्हे. मूळ गाव येवते आणि त्याला जोडलेला शब्द ‘महाल’, असे जाणकारांचे म्हणणे आहे. महाल म्हणजे राजवाडा नव्हे बरं का. महाल म्हणजे वसुलाचा विभाग, परगणा. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त याची नोंद ‘योत-लोहारा’ अशी केली आहे. हे लोहारे आजही शहराच्या पश्चिमेला आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव कोणा राजावरून वा देवावरून पडलेले नाही, ते आले आहे साऱ्याच्या दप्तरातून!

या दप्तराचे धनी मात्र वरचेवर बदलले. बहामनी सुलतान पहिला महंमदशहा (१३५८ ते १३७५) याने राज्याचे चार तरफ पाडले, त्यांतला एक वऱ्हाड. तरफदाराच्या हाती फौज, किल्ले आणि वसूल, तिन्ही. अशा माणसाला बंडाची बुद्धी सुचायला कितीसा वेळ लागणार? वजीर महमूद गावानने हे ओळखले. त्याने चारांचे आठ तरफ केले, वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे पाडले, आणि तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या किल्लेदारांकडे दिले. उपाय चांगला होता. पण दुखावलेल्या सरदारांनी कारस्थान रचले आणि १४८१ साली गावानचे मस्तक उडाले. पुढे १४९० च्या सुमारास गाविलचा तरफदार फतहुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झालाच. १५७४ साली त्याची इमादशाही अहमदनगरने गिळली, आणि १५९६ साली वऱ्हाड प्रांत मोगलांकडे गेला.

आता खाली गावात काय बदलले? अबुल फजल सांगतो की उत्तरेतल्या चौधरीला इकडे देशमुख म्हणतात, कानुगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुळकर्णी. कामे तीच होती. नवे धनी त्यांची इथली नावे शिकत होते, इतकेच. पाटील-कुळकर्ण्यांनी गावचा वसूल जमवायचा, देशमुखाने परगण्याचा भरणा करायचा, देशपांड्याने हिशेब लिहायचा. मोबदला रोख पगाराचा नव्हे, वतनाचा: इनाम जमीन आणि वसुलावरचा हक्क, पिढ्यान्‌पिढ्या. सुभेदार येई नि बदलून जाई; पण कोणाचे शेत पडीक राहिले, कोणाचे बैल मेले, हे देशमुखाच्या वाड्यावर ठाऊक असे. त्याला दुखवून वसूल कसा होणार?

यात रयतेचे भले झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. नवा सुलतान जुन्याच दप्तरावरून मागणी करी, म्हणून एकाएकी उलथापालथ होत नसे, हे खरे. पण दप्तर ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची?

असे जुने दप्तर कोणी मोडले तर काय होते, ते पाहायला थोडे दूर, युरोपातल्या बल्गेरियात जाऊ. १०१८ साली बायझन्टाइन सम्राट दुसरा बॅसिल याने तो देश जिंकला. सारा मात्र त्याने तिथल्या सॅम्युएल राजाच्या रिवाजानेच ठेवला: बैलजोडीमागे एक माप गहू, एक माप भरड धान्य आणि एक घागर द्राक्षाची दारू. पुढच्या कारभाऱ्यांनी रोख नाणे मागितले. शेतकऱ्याच्या कणगीत धान्य होते, गाठीला नाणे कुठले? १०४० साली पीटर डेल्यानच्या मागे तो मुलूख उठला, त्याचे हे एक मोठे कारण.

आणि आपल्याकडचे दप्तर तरी सगळीकडे पोचत होते थोडेच! मोगलांच्या एका सरकाराचे ठाणे म्हणजे आपले कळंब. त्याला अबुल फजल जुने, नामांकित शहर म्हणतो. तिथल्या म्हशींचीही वाखाणणी करतो. पण लगेच पुढे तो शेजारच्या चांद्याच्या गोंड राजाचे, बाबजीचे, नाव घेतो आणि त्याचे बळ सांगतो: हजार घोडा, चाळीस हजार पायदळ. वर्धा नदीपलीकडच्या पाटलाने वसूल कोणाच्या पदरात घातला असेल, हे त्या आकड्यांवरूनच समजावे.