संसदीय समित्या व आपले तारापूर

वाचकहो, आपला खासदार लोकसभेत बोलला की नाही, याची चौकशी आपण हौसेने करतो. वर्तमानपत्रात त्याच्या भाषणाच्या चार ओळी छापून आल्या म्हणजे आपल्याला समाधान वाटते. परंतु तो कोणत्या समितीवर आहे आणि तेथे काय करतो, हे बोईसरच्या बाजारपेठेत दहा जणांना विचारून पाहा. सांगणारा एखादाच निघेल. वास्तविक कायद्याचे शब्द पारखले जातात ते समितीच्या खोलीत. सभागृहात वेळ थोडा, बोलणारे अनेक, आणि मत द्यायचे ते पक्षाच्या आदेशानुसार. समितीत वीस-तीस सभासद एकत्र बसतात, दारे बंद असतात, टाळ्या देणारे कोणी नसते. तेथे सचिवांना व तज्ज्ञांना बोलावून प्रश्न विचारता येतात आणि विधेयकाचे एकेक कलम सावकाश वाचता येते.

या कामाचे मोल नामदार गोखले पुरते ओळखून होते. त्यांनी १६ मार्च १९११ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी अगदी माफक होती. ज्या स्थानिक संस्थांची तयारी असेल त्यांना सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शाळा सक्तीची करण्याची मुभा द्यावी, आणि गरीब पालकांकडून फी घेऊ नये. मार्च १९१२ मध्ये, हे विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे, एवढाच ठराव त्यांनी आणला. मंजूर करा असे नव्हे. फक्त एकत्र बसून तपासा! पंडित मालवीय, मझहरुल हक व बॅरिस्टर जीना हे त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण मंडळात सरकारचे बहुमत होते. ठराव १३ विरुद्ध ३८ मतांनी पडला. मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा देशव्यापी कायदा होण्यास त्यानंतर २००९ साल उजाडावे लागले. त्या विधेयकाला मात्र समितीचे दार उघडले गेले. डिसेंबर २००८ मध्ये ते राज्यसभेत मांडले गेले, मग मनुष्यबळ विकास खात्याच्या स्थायी समितीने ते तपासले, व त्यानंतरच ते मतास आले.

स्थायी समिती म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. निरनिराळ्या खात्यांसाठी अशा १७ समित्या १९९३ साली नेमल्या गेल्या; २००४ पासून त्या २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सभासद, २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे. मंत्र्याला सभासद होता येत नाही, आणि हे योग्यच आहे, कारण तपासणी त्याच्याच खात्याची व्हायची असते. समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. पण ज्या सभासदाला तो पटत नाही, त्याला आपली भिन्नमतपत्रिका जोडता येते आणि ती छापलीही जाते.

आता आपल्या दारातील उदाहरण घेऊ. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीचे असून ते १९६९ साली सुरू झाले. पुढे ५४० मेगावॅटचे दोन स्वदेशी संच उभारताना पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली. एवढी वर्षे गेली, तरी अपघात झालाच तर भरपाई कोणी व किती द्यायची, याचा स्वतंत्र कायदा नव्हता. ७ मे २०१० रोजी तसे विधेयक लोकसभेत आले, तेव्हा विरोधकांनी सभात्याग केला. मग ते विज्ञान, पर्यावरण व वने या विषयांच्या स्थायी समितीकडे गेले. तिचे अध्यक्ष टी. सुब्बरामी रेड्डी होते.

समितीने खात्याखात्यांच्या सचिवांना पाचारण केले, तेव्हा कित्येकांशी आधी सल्लामसलतच झाली नव्हती, असे उघड झाले. त्यांत आरोग्य खाते होते, हे वाचून मन थक्क होते. किरणोत्साराने आजारी पडलेली माणसे शेवटी कोणाकडे नेणार?

१८ ऑगस्टला अहवाल आला. केंद्र चालविणाऱ्याची जबाबदारी मूळ मसुद्यात ५०० कोटी रुपयांची होती. शेवटी कायद्यात ती १,५०० कोटींची झाली. दावा लावण्यास केवळ दहा वर्षांची मुदत होती. किरणोत्साराचे दुखणे अनेकदा उशिरा डोके वर काढते, म्हणून शारीरिक इजेसाठी ती वीस वर्षांची झाली.

पण खरा वाद पेटला तो सतराव्या कलमावर. केंद्र चालविणारी कंपनी सरकारी, म्हणजे भरपाईचा पैसा अखेर जनतेचाच. मग सदोष यंत्र देणाऱ्या पुरवठादाराकडून तो वसूल करता यावा की नाही? कलमात दोन अटी होत्या. एक, करारात तसे लिहिलेले असणे. दुसरी, माल सदोष असणे. अहवालात या दोहोंच्या मध्ये ‘आणि’ हा शब्द आला. मुलांनो, व्याकरणात आपण ज्याला उभयान्वयी अव्यय म्हणून दोन गुणांसाठी पाठ करतो, तोच हा शब्द! त्याचा परिणाम असा की करारात लिहिलेले नसेल, तर माल कितीही सदोष असला तरी पुरवठादार मोकळा. विरोधी पक्षांनी ते हेरले व हरकत घेतली. ‘आणि’ गेला, तर सरकारच्या दुरुस्तीत ‘हेतुपुरस्सर’ अशा अर्थाचा शब्द आला. सदोष यंत्र मुद्दाम कोण देतो? तोही काढावा लागला. २५ ऑगस्टला लोकसभेने व ३० ऑगस्टला राज्यसभेने विधेयक संमत केले.

पालकांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. एखादे विधेयक समितीकडे गेले की पुष्कळदा वर्तमानपत्रांतून जाहिरात देऊन लोकांची लेखी निवेदने मागविली जातात. निवेदन पाठविण्यास वकील असावे लागत नाही. शिवाय अहवालाच्या शेवटी बैठकींचे वृत्तान्त असतात आणि त्यांत हजर सभासदांची नावे असतात. आपण मुलांचे प्रगतिपुस्तक पाहतो, तसे हेही पाहता येते.

तो २०१० चा कायदा रद्द करण्याचे पाऊल पुढे उचलले गेले. १५ डिसेंबर २०२५ रोजी अणुऊर्जेचे नवे विधेयक लोकसभेत मांडले गेले. खाजगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडणारे आणि जुना भरपाई कायदा रद्द करणारे असे हे विधेयक होते. ते समितीकडे पाठवावे, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. १७ तारखेला लोकसभेने आणि १८ तारखेला राज्यसभेने ते संमत केले. सदोष मालाबद्दल पुरवठादाराकडून वसुली करण्याची ती तरतूद त्यात उरली नाही. २०१० मध्ये सतराव्या कलमावर काय वाद झाला, हे तारापूरच्या विद्यार्थ्याला समितीचा अहवाल उघडून वाचता येते. २०२५ च्या विधेयकावर असा अहवालच नाही.