खांद्याला खांदा: ऑस्ट्रेलियातल्या एका शेडचा इतिहास

आपल्याकडे शेड म्हटलं की गोठ्याची किंवा कारखान्याची शेड आठवते. ऑस्ट्रेलियात या शब्दाला एक घरगुती अर्थ आहे. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली. तिच्यात करवती, पाने, रंगाचे अर्धे उरलेले डबे, कधीतरी लागतील म्हणून जपलेले स्क्रू आणि एक जुना रेडिओ. घर बाईचं आणि शेड बाप्याची, अशी ती न बोललेली वाटणी. या खोल्यांवर आणि त्यांत रमणाऱ्या पुरुषांवर मार्क थॉमसन यांनी १९९५ साली 'ब्लोक्स अँड शेड्स' नावाचं पुस्तकच काढलं. 'ब्लोक' म्हणजे आपल्या भाषेत गडी.

ही खोली इतिहासात शिरली ती मात्र हातची जायला लागल्यावर.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियन शहरांभोवती ऐसपैस प्लॉटवरची बैठी घरं वाढली, त्यांच्याबरोबर मागच्या शेडही वाढल्या. चाळीस-पन्नास वर्षांनी तीच माणसं म्हातारी झाली. घर विकून लहान युनिटमध्ये किंवा वृद्धांच्या वसाहतीत राहायला गेली. तिथे बाल्कनी होती, शेड नव्हती. त्याच सुमारास, ऐंशी-नव्वदच्या दशकांत, अनेक कारखाने बंद पडले किंवा आक्रसले. पन्नाशीतले, हातात कसब असलेले पुरुष घरी बसले. नोकरी गेली की पगार जातो, हे सगळ्यांना कळतं. पण त्याबरोबर डबा खाताना शेजारी बसणारा माणूसही जातो, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

मला या इतिहासात रस वाटला तो माझ्या मामांमुळे. ते फिटर होते. रिटायर झाले आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. सोसायटीत कुणाची कडी सैल झाली की त्यांचा चेहरा खुलायचा. कडी मात्र वर्षातून एकदाच सैल होते. उरलेल्या दिवसांत घरातले सगळे त्यांना सांगत, 'आता आराम करा.' आम्ही प्रेमानंच सांगत होतो. पण आराम म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियात ज्येष्ठांसाठी काहीच नव्हतं असं नाही. दिवसभराची केंद्रं होती. चहा-बिस्किटं, विणकाम, बिंगो, गप्पा. तिथे बायका रमत आणि पुरुष फारसे फिरकत नसत. याचा अर्थ पुरुषांना गरज नव्हती असा काढणं सोपं होतं. प्रत्यक्षात त्या देशात आत्महत्येचं प्रमाण सर्वांत जास्त दिसणाऱ्या वयोगटांत ८५ वर्षांवरचे पुरुषही येतात. गरज होती, पण खोली चुकत होती.

हे ओळखणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक बाई होत्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात, मरी नदी समुद्राला मिळते तिथे गूलवा नावाचं गाव आहे. तिथल्या ज्येष्ठांच्या 'हेरिटेज क्लब'मध्ये मॅक्सिन किट्टो काम करत. १९९३ साली त्यांनी म्हाताऱ्या पुरुषांसाठी एक कामाची जागा सुरू केली. नाव साधंच, 'द शेड'. उपचार, आधार, समुपदेशन यांतला एकही शब्द त्या नावात नव्हता.

पुढचं पाऊल पडलं ते व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला या छोट्या गावात. आजूबाजूला गाई-दुधाचा मुलूख. २६ जुलै १९९८ रोजी तिथे 'डिक मॅकगोवन मेन्स शेड' उघडली. 'मेन्स शेड' हे नाव घेऊन उघडलेली ही पहिली शेड मानतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिडनीच्या लेन कोव्ह उपनगरात आणखी एक सामुदायिक शेड सुरू झाली. एक खेडं, एक महानगराचं उपनगर. वरून आलेली योजना नव्हती, सरकारी आदेश नव्हता. ठिकठिकाणच्या माणसांना तोच प्रश्न दिसत होता आणि अंगणातलीच एक ओळखीची वस्तू उत्तर म्हणून सापडत होती.

शेडमध्ये चालतं तरी काय? कुणी शाळेसाठी बाक बनवतो, कुणी मोडक्या सायकली जोडतो, कुणी लाकडी खेळणी घासतो. कुणी काहीच करत नाही, नुसता चहा पितो आणि दुसऱ्याचा रंधा कसा चुकतोय ते सांगतो. तेही चालतं. यायलाच हवं असं बंधन नाही. पण दोन आठवडे दिसला नाहीत, तर कुणीतरी फोन करतं.

या चळवळीचं एक ब्रीद आहे: पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. आपल्या घरात तपासून बघा. आजोबांना समोर बसवून 'कसं वाटतंय?' विचारलं तर उत्तर येतं, 'बरंय.' विषय संपला. पण दोघं मिळून एक फळी धरा. नजर फळीवर, हात पॉलिशपेपरवर. मग मध्येच, वर न बघता, वाक्य येतं: 'रात्री झोप लागत नाही हल्ली.' ऐकणाराही वर बघत नाही. म्हणतो, 'मलाही ती गेल्यावर वर्षभर लागत नव्हती.' आणि घासणं चालू राहतं. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक बॅरी गोल्डिंग यांनी अनेक वर्षं या शेडचा अभ्यास केला आणि २०१५ साली चळवळीचा इतिहास पुस्तकरूपाने मांडला. माझ्या वाचनातून मला जे उमगलं ते असं: इथे येणारा माणूस 'लाभार्थी' नसतो. तो कामाला आलेला असतो. मदत घ्यायला जी मान खाली जाते, ती इथे जात नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. २००५ साली व्हिक्टोरियातल्या लेक्स एन्ट्रन्स इथे शेडवाल्यांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. २००७ साली त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. २०१० साली ऑस्ट्रेलियाने पुरुषांच्या आरोग्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आणि त्यात शेडना स्थान आणि निधी मिळाला. २००८ च्या मंदीत आयर्लंडमधलं बांधकाम कोसळलं होतं. तिथे २०११ मध्ये अशीच संघटना झाली, ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये. आज एकट्या ऑस्ट्रेलियात हजाराहून जास्त शेड आहेत.

पण निधी आला की फॉर्म येतात. विमा, यंत्रांच्या सुरक्षेचे नियम, हजेरी, अहवाल. यातलं बरंचसं गरजेचंच आहे. ऐंशी वर्षांचा हात आणि फिरती करवत यांच्यामध्ये नियम हवाच. तरी एक पेच उरतो. सरकार पैसे देतं ते 'आरोग्य' सुधारावं म्हणून. माणसं येतात ती तिथे आरोग्याचा विषय कुणी काढत नाही म्हणून. शेडच्या दारावर 'एकाकी पुरुषांसाठी उपक्रम' अशी पाटी लावा, दुसऱ्या दिवशी आत कुणी दिसणार नाही.

दुसरा वाद बायकांचा. कसब त्यांच्याकडेही असतं, एकटेपण तर असतंच. मग दार फक्त पुरुषांना का? काही शेडनी बायकांना प्रवेश दिला, काहींनी ठरावीक दिवस दिले, काहींनी नाही म्हटलं. मला दोन्ही बाजू कळतात. बायका आल्या की पुरुषांचं बोलणं बदलतं, हे खरं. आणि या शेडच्या इतिहासाच्या सुरुवातीलाच एक बाई उभी आहे, हेही खरं.

सगळ्यांना हातोडी आवडते असंही नाही. आयुष्यभर हिशोब लिहिलेल्या कारकुनाला रंधा काय सांगणार? म्हणून काही शेडमध्ये स्वयंपाक, बागकाम, संगीत, कंप्युटर यांनाही जागा मिळाली. शेजारी कुणीतरी असावं आणि त्याला आपल्या हाताचा उपयोग व्हावा, एवढंच पुरतं.

२०२० मध्ये साथ आली आणि शेडची दारं लागली. सर्वांत जास्त धोका याच वयाला होता, म्हणून बंद करणं बरोबरच होतं. पुन्हा उघडल्यावर अर्धवट राहिलेली कामं तशीच बाकावर होती. कुठे एका बाकाचा पाय बसवायचा होता, कुठे खेळण्यातल्या गाडीला चाकं लावायची होती. माणसं आली, चहाचं पाणी ठेवलं आणि कामाला लागली. कोण आलं नाही, हे आधी बघून घेतलं.