मद्यासक्त स्त्रिया आणि इंग्लंडमधील सुधारगृहे

इंग्लंडमध्ये १८७९ च्या कायद्याने ‘सराईत मद्यपी’ असा एक वर्ग कल्पिला. १८८८ मध्ये कायद्याच्या नावात ‘इनेब्रिएट’ हा सौम्य शब्द आला. व्याख्येत मात्र जुनाच शब्द राहिला. हे द्वैत पुढील इतिहासातही दिसते.

पहिल्या कायद्यान्वये निवासगृहातील प्रवेश स्वेच्छेचा व स्वखर्चाचा होता. अर्थात निर्धन स्त्रीला तो दुर्लभच होता. लेडी हेन्री सॉमरसेट यांनी १८९५ मध्ये सरे परगण्यात डक्सहर्स्ट येथे स्त्रियांसाठी शेती-वसाहत स्थापिली. तेथे लहान लहान घरांत राहून स्त्रिया मोकळ्या हवेत बागकाम करीत; तुरुंगवासाऐवजी उपचार हा तिचा हेतू होता.

१८९८ च्या कायद्याने न्यायालयाला अधिकार दिला : वर्षात चार वेळा दोषी ठरलेल्या मद्यप्यास तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात ठेवता येई. मद्यपानाच्या गुन्ह्यांत पुरुषांची संख्या अधिक. तथापि सुधारगृहांत धाडल्या गेल्या त्या बहुतांशी स्त्रियाच. स्त्रीचे मद्यपान हा मातृत्वाला कलंक, ही समजूत त्यामागे होती. जिची ओळख पोलिसांच्या दप्तरातून होते, तिला केवळ नव्या शब्दाने रुग्णाचे स्थान लाभत नाही, असेच यावरून म्हणावे लागते.